बटाटेवाला मेयर पिंग्री : दाता की पक्का राजकारणी?

शेवटचाबाक : अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या हेझन पिंग्रीबद्दल वाचतोय. बुटांच्या कारखान्याचा मालक, १८९० पासून मेयर. १८९३ च्या मंदीत कारखाने बंद पडले, पोलिश-जर्मन मजुरांच्या घरी चूल पेटेना, तर या गड्याने गावातले रिकामे प्लॉट मालकांकडून मागून घेतले आणि गरिबांना बटाटे-शेंगा लावायला दिले. खर्चासाठी चर्चवाल्यांपुढे हात पसरला तर जमले किती, १३ डॉलर ८० सेंट! मग पठ्ठ्याने स्वतःचा जातिवंत घोडा लिलावात काढला. माझ्या मते हा खरा दाता, भीक घातली नाही, पिकवायला जमीन दिली.

टग्या : जमीन कुणाची पण? भाव वाढायची वाट बघत पडून असलेले प्लॉट होते ते, मालकांचं काय गेलं, आणि मेयरचं तर काहीच नाही. घोड्याची बातमी पेपरात झळकली की मतं आपोआप येतात. कारखानदार माणूस, हिशोब पक्का.

मृण्मयी_क : टग्या, तेव्हा पेपरवाले त्याची टिंगल करत होते हो, 'पोटॅटो पॅच पिंग्री' म्हणून, आणि श्रीमंत मंडळी तर म्हणायची की ही आळशी माणसं कुदळ हातात धरणारच नाहीत. झालं काय, तर १८९४ मध्ये सुमारे ३००० कुटुंबांनी अर्ज केले, जमीन पुरली ९४५ कुटुंबांनाच. लागवडीच्या सूचना इंग्रजी, जर्मन, पोलिश अशा तीन भाषांत छापल्या. मला तर घोड्यापेक्षा हेच जास्त आवडलं, कारण त्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगायचं हे एरवी कोणाला सुचतं?

टग्या : बरं, बटाट्याचे मार्क दिले. पण १८९७ मध्ये मिशिगन राज्याचा (डेट्रॉइट त्यातच येतं) गव्हर्नर झाला तरी मेयरची खुर्ची सोडेना, शेवटी कोर्टाने सोडायला लावली. आणि सैन्याचे गणवेश विकून तेच परत नवे म्हणून घेण्याचा घोटाळा झाला त्यात त्यानेच नेमलेले अधिकारी अडकले, तर साहेबांनी जाता जाता माफी देऊन टाकली!

शेवटचाबाक : माफी चुकलीच, मान्य. पण याच माणसाने लाच खाणाऱ्या स्कूल बोर्डाच्या मेंबरांना भर मीटिंगमध्ये अटक करवली होती, आणि ट्राम कंपन्यांशी तीन सेंट भाड्यासाठी भांडला होता. मतांसाठी कोण एवढे शत्रू करून घेतं?

टग्या : दुसऱ्यांची पोरं पकडायला काय जातं, आपल्यांना सोडलं ना? त्याचं बोला.