मॉक आधी, देखणी वही नंतर

ताई, 'सगळा सिलॅबस पक्का झाल्याशिवाय सीईटीची मॉक (सराव परीक्षा) देणार नाही' असं तुमची लेक म्हणते असं तुम्ही लिहिलंय, आणि वर कमेंटमध्ये दोघा-तिघांनी त्याला जिद्द म्हटलंय. मला तर ती सरळ भीती वाटते. नाशिकरोडच्या अभ्यासिकेत अशी मुलं नेहमी दिसतात. पानावर जरा खाडाखोड झाली की पान टरकन फाडायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. वही देखणी, पण इंटिग्रेशनला अजून हात लागलेला नाही.

एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत) गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकाच गणिताशी दहा मिनिटं झुंजत बसणाऱ्याचं नुकसानच. बोर्डातही उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. पर्सेंटाइलचं म्हणाल तर तो बाकीच्या मुलांना किती गुण पडले यावर ठरतो, त्यात स्वतःची वाढ कशी दिसणार? मागच्या मॉकचे गुण आणि आजचे शेजारी-शेजारी लिहायला सांगा, टॉपिकवार. (गंगापूर रोडवरचे टॉपर्सचे फ्लेक्स क्लासवाल्यांच्या धंद्यासाठी असतात, तिकडे बघूच नका.)

या रविवारी झालेल्या भागावरच पेपर द्यायला बसवा. सीईटीत अकरावीच्या भागाचं वेटेज साधारण २० टक्के असतं, तेही थोडं घ्या.