समितीवर विद्यार्थी हवेतच

कॉलेजातला लैंगिक छळ थांबवायला 'पहिल्या वर्षाला संमतीवर एक व्याख्यान ठेवलं की पुरे' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. व्याख्यान ठेवाच, पण त्रास झाल्यावर मुलीनं जायचं कुणाकडे? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या, संस्थेतल्याच अंतर्गत तक्रार समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, तेही निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांना समितीवर घेता येत नाही. किती जणांना हे ठाऊक आहे?

चंदगड-आजऱ्याकडून कोल्हापुरात आलेली, घरातली पहिलीच पदवीधर होणारी मुलगी गाइडविरुद्ध, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाविरुद्ध, बोलायला धजेल ती समोर आपल्या वयाचं कुणीतरी दिसलं तर. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची. 'जाऊ दे, घरी कळलं तर शिक्षण बंद करतील' या धास्तीत ती मुदत कधीच सरून जाते, आणि याचा मला फार त्रास होतो. त्याच नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे, तोही कुणी सांगत नाही.

शाहू महाराजांच्या काळापासून वसतिगृहांचं हे शहर. तेव्हा सुरुवात तिथूनच करू: समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर प्रत्येक मेसच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा.