बीटी वांगं पेरायचं नाही, पण जीएम तेल चालतं?

शिरोळकर:
कृष्णाकाठच्या वांग्याला भाव आहे, पण शेंडा पोखरणारी अळी लागली की आठवड्यातनं दोनदा पंप पाठीवर. 2010 साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याला, स्थगिती दिली, ती अजून उठलेली नाही. बांगलादेशानं 2013 मध्ये परवानगी दिली, तिथले शेतकरी पिकवतात. आपण मात्र अर्जेंटिना-ब्राझीलच्या जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या, सोयाबीनचं तेल मिसळीच्या कटावर तरंगताना बघून खूश. खायला चालतं, पेरायला नाही. कुठला न्याय?

आजरेकर:
तेल आणि वांगं एका तागडीत घालू नका. शुद्ध केलेल्या तेलात त्या जनुकाचं प्रथिन जवळजवळ उरत नाही, वांगं आपण देठासकट रस्स्यात घालतो. आणि कापसाचं काय झालं? 2002 ला बीटी आलं. पुढं दोन जनुकांचं बियाणं आलं, गुलाबी बोंडअळीनं तेही पचवलं. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले. बीटी आल्यावर पंप खुंटीला लागणार होता ना?

बियाणं_दुकानदार:
अळीला मोकळं रान आपणच दिलं. बीटी कापसाच्या पाकिटासोबत कडेनं लावायला नॉन-बीटीची पुडी यायची, म्हणजे साध्या अळ्याही टिकाव्यात आणि बीटी पचवणारी अळी माजू नये. मी जालन्याला कामाला होतो तेव्हा लोक ती काउंटरवरच टाकून जायचे. "हे फुकटचं कशाला?" म्हणायचे.

ऊसवाला:
उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीवर कुणी जनुक काढलं तर सांगा. तोवर तुमचं चालू द्या.

शिरोळकर:
@आजरेकर, बीटी म्हटलं की दरवर्षी बी विकत घ्यायला लागेल अशी भीती लोक घालतात, ती वांग्याला लागू नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मांजरी गोटा, कुडची लोकल अशा वांग्याच्या सरळ वाणांत ते जनुक घातलं होतं. हायब्रीड नव्हे, बी घरचं धरता आलं असतं. कुडची म्हणजे काय परमुलूख नव्हे, मिरजेच्या पलीकडं.

आजरेकर:
कुडचीचं वांगं कुणाचं, हाच तर प्रश्न. जनुक महिको या बियाणं कंपनीचं, आणि स्थानिक वाण जैवविविधता मंडळाला न विचारता वापरले म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. वाण जपला शेतकऱ्यानं, त्याला विचारलं कुणी? आमच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळवताना किती कागद लागले ते गावाला ठाऊक आहे. घरचं बी धरायचा हक्क आधी लेखी द्या, मग मी स्वतः चार सऱ्या लावून बघतो.

शिरोळकर:
चार सऱ्या म्हणालात, बास. हे लिहून ठेवतो.