मामाजींचा एक्सपीवाला लॅपटॉप घरच्या वायफायला लागत नाही

अरुणावतीकाठ
नमस्कार. दिग्रस तालुक्यातल्या खेड्यातून लिहून राहिले. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, निवृत्त मास्तर आहेत. २००६ च्या जूनपासून अंगणातल्या पर्जन्यमापकाचा आकडा रोज सकाळी साडेआठला घेतात आणि लॅपटॉपवर एक्सेलमध्ये भरतात. एकही पावसाळा सुटलेला नाही. शेजारी शेरा असतो: 'नाल्याला पूर', 'दुबार पेरणी', 'पऱ्हाटी पिवळी पडली'. शेरे जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत आणि त्यांची बोटं त्याच कीबोर्डला सरावली आहेत. फोनवर लिहिणं त्यांना जमत नाही.

लॅपटॉप २००५ चा, दिरांनी अमेरिकेतून आणलेला. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक २ (एक्सपीचा दुसरा मोठा अपडेट). वायफाय कार्डावर ८०२.११ बी/जी (जुन्या वायफायचा प्रकार) लिहिलंय. दिवाळीत घरी फायबर आलं. सगळ्यांचे फोन लागले, पण लॅपटॉपवर आमच्या वायफायचं नावच येत नाही. माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला तर नाव येतं, पासवर्ड मात्र घेत नाही. दहादा तपासला, बरोबर आहे.

जोडणी करायला आलेला मुलगा म्हणाला, हे भंगारात टाका. मामाजी समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आम्हाला त्यावर इंटरनेट नको. रोजची फाईल माझ्या फोनवर यावी, एवढंच. पेनड्राइव्ह लावताना त्यांचे हात थरथरतात.

दुरुस्तीवाला, मूर्तिजापूर
ताई, लॅपटॉप चांगला हाये, टाकू नका. तुमचे दोन रोग येगळे हायेत.

नावच दिसत नाई, त्याचं कारण चॅनेल असन, म्हंजे वायफाय ज्या लहरीवर चालते तिचा नंबर. अमेरिकेतलं कार्ड १ ते ११ चॅनेलच पायते. आपल्याकडं १३ परेंत चालतात, अन् राउटर 'ऑटो'वर असला तं १२ नाई तं १३ वर जाऊन बसते. राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देते, २.४ अन् ५ गिगाहर्ट्झ. सेटिंगमधी २.४ चं नाव ५ पासून येगळं ठेवा, चॅनेल ६ करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ, मोड बी/जी/एन. तुमचं कार्ड ५ गिगाहर्ट्झ पायतच नाई.

पासवर्ड घेत नाई तो दुसरा रोग. सर्व्हिस पॅक २ ले डब्ल्यूपीए२ (वायफायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत) साठी येगळा पॅच, म्हंजे छोटा अपडेट, लागते. सर्व्हिस पॅक ३ मधी ते आतच हाये. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हनं आणा. पेनड्राइव्ह फॅट३२ मधी, म्हंजे जुन्या पद्धतीनं, फॉरमॅट केलेला घ्या. मोठे एक्सफॅटमधी येतात, ते तुमच्या एक्सपीले वाचता येत नाईत. अन् सगळ्यात आधी पावसाच्या फाईलची कॉपी काढा, मंगच बाकीचं.

वाशिमची बाई
एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. म्हणून राउटरवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) उघडा आणि लॅपटॉप त्यावरच ठेवा. जुन्या मशीनसाठी घरचं वायफाय डब्ल्यूईपी या जुन्या, कच्च्या सुरक्षा पद्धतीवर मात्र अजिबात आणू नका, ते काही मिनिटांत फुटतं. आणि मामाजींना माझा नमस्कार सांगा. आमच्या शाळेत अशी वही कुणी ठेवली असती तर मी मुलांना त्यावरून भूगोल शिकवला असता.

दुरुस्तीवाला, मूर्तिजापूर
मॅडम, सल्ला बरोबर हाये, पण इथं अडचण होईन. गेस्टवरचं यंत्र घरच्या दुसऱ्या यंत्राले पाहू शकत नाई, मंग फाईल फोनवर जाईन कशी? घरच्याच २.४ वर ठेवा, अन् राउटरमधी त्या लॅपटॉपचं बाहेरचं इंटरनेट बंद करता येत असन तं करा.

फाईलीसाठी: फोनच्या फाईल मॅनेजरमधी एफटीपी (नेटवर्कवरून फाईल पाठवायची सोय) सुरू केलं की एक पत्ता येते. तो एक्सपीच्या माय कॉम्प्युटरच्या पट्टीत टाका, फोनचं फोल्डर उघडते. ब्राउझरच्या नादी लागू नका, आताच्या साइटी त्यावर उघडत नाईत. लागलंच नाई तं लॅनची केबल राउटरपासून टेबलापरेंत आणा. तिले पासवर्डच लागत नाई.

अरुणावतीकाठ
आधी कॉपी काढली, दोन ठिकाणी ठेवली. सर्व्हिस पॅक ३ टाकायला अख्खी दुपार गेली, मध्येच लाइट गेली तेव्हा जीव मुठीत धरून बसले होते. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली, पण सुदैवाने तेव्हा फाईल नुसती पेनड्राइव्हवरून उतरत होती.

राउटर खरंच १३ वर होता. चॅनेल ६ केला आणि नाव आलं, पासवर्ड मात्र पुन्हा नाही. मग सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' दिसलं. डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत, ती एक्सपीला येत नाही. ते नुसतं डब्ल्यूपीए२, एईएस (त्यातली कूटलेखनाची पद्धत) केलं आणि लागलं. हॉटस्पॉटवरही डब्ल्यूपीए३ च होतं. आतल्या खोलीत मातीच्या जाड भिंतींमुळे रेंज पडते, म्हणून टेबल ओसरीत आणलं. मामाजींना तिथून पर्जन्यमापकही दिसतो.

फोनचा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो कायमचा बांधला आणि डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवला. त्यांना आता फक्त फाईल ओढून सोडायची.

आज सकाळी २२ मिलिमीटर. आठ चाळीसला फाईल माझ्या फोनवर होती, मी तेव्हा चुलीजवळ होते. मामाजींनी ओसरीतूनच विचारलं, "आली का गं?"