आपली मल्टी (फ्लॅटची इमारत) ग्रुप : औषधं, डायलिसिसची गाडी आणि नारळपाणी (इंदूर, एप्रिल २०२०)

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. कर्फ्यू एवढ्यात उठेल असं दिसत नाही. ज्यांच्या घरी शुगर, बीपी, किडनी, कॅन्सर असे जुने आजार आहेत त्यांनी फ्लॅट नंबर आणि आजार इथे लिहावा. यादी करून गेटवर लावतो, म्हणजे रात्री-बेरात्री चौकीदारालाही माहीत असेल.

बी-३०४: गेटवर?? दादा, मागच्या आठवड्यात मला नुसता ठसका लागला तर दूधवाला जिन्यातूनच परत फिरला. आजाराची पाटी लावल्यावर काय करेल?

सी-२०२ काकू: माझी शुगर तर सगळ्या मल्टीला पाठ आहे, लिहा खुशाल. पण बी-३०४ म्हणतेय त्यात तथ्य आहे. प्रत्येकाला नाही आवडत.

ए-४०३ (डॉक्टरताई): आजार लिहूच नका, लागतं काय ते लिहा. "अमुक वारी पहाटे गाडी हवी" एवढं पुरे. कशासाठी, ते ज्याला न्यायचंय त्याला कळेलच.

ए-३०२: ⏩ फॉरवर्ड केलेला मेसेज: कांद्याचा रस आणि सैंधव मीठ घेतल्यास १२ तासांत...

ए-१०१ (सेक्रेटरी): काका, हात जोडतो, आज नको.

ए-२०१: आमचं काही लपलेलं नाही, म्हणून स्पष्टच लिहितो. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मंगळ-गुरु-शनि, दर वेळी चार तास. ऑटो बंद. १०८ वाले म्हणतात इमर्जन्सी असेल तरच. पास काढलाय, पण आत नातेवाइकाला बसू देत नाहीत, म्हणून मी चार तास उन्हात गाडीत, आणि इकडे आई घरात एकटी. शनिवारी माझी ऑफिसची कॉल असते, ती चुकवली तर नोकरीचंच डायलिसिस होईल. तेवढा एक वार कोणी सांभाळला तर फार उपकार होतील.
आणि एक विनंती. राग मानू नका, पण नारळपाणी पाठवू नका. काल तीन घरांतून आलं. बाबांना ते चालत नाही, आणि समोर भरलेला पेला दिसला की ते ऐकत नाहीत.

सी-२०२ काकू: अगं बाई! त्यातलं एक माझंच. आजारी माणसाला नारळपाणीच देतात ना रे?

ए-४०३ (डॉक्टरताई): इतरांना द्या काकू. किडनी काम करत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठत जातं, आणि नारळपाण्यात ते भरपूर असतं. फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. केळी, संत्र्या-मोसंबीचा रस, हे सगळं त्यातच आलं. साधं पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. डायलिसिसची पाळी चुकली तर आणखीच जपायचं. तेव्हा डबा पाठवण्याआधी त्या घरी एक फोन करा, एवढंच.

डी-४०१: शनिवार माझा. गाडी पार्किंगमध्ये धूळ खातेय. पासवर माझं नाव चढवावं लागेल, लायसन्सचा फोटो पाठवतो.

सी-२०२ काकू: डॉक्टरताई, दुपारी लाइट जाते तेव्हा माझ्या इन्सुलिनचं काय करू?

ए-४०३ (डॉक्टरताई): न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. चालू बाटली बाहेर साधारण चार आठवडे टिकते, पण ते पंचवीस-तीस डिग्रीत, आपल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात नाही. लाइट गेली की बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा.

बी-३०४: मग मीही लिहिते. मला आमवात आहे. रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लागते. २२ मार्चला आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ही गोळी कोविड होऊ नये म्हणून रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि बाधितांच्या घरच्यांसाठी सुचवली. फक्त त्यांच्यासाठी! तरी बघता बघता दुकानांतून गायब झाली. २६ मार्चला सरकारने शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांत टाकली, आता चिठ्ठीशिवाय मिळत नाही. माझ्याकडे चिठ्ठी आहे, गोळी नाही. दवा बाजारात फोन करून थकले. सकाळी बोटं अशी आखडतात की कुकरचं झाकण फिरत नाही. मुलगा उठून लावतो, तेव्हा वरण शिजतं. वय वर्षं नऊ. आपल्याच मल्टीत कोणी "असू दे घरात" म्हणून आणून ठेवल्या असतील तर विचार करा.

डी-१०३: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

डी-१०३: घरात म्हातारी माणसं आहेत म्हणून घेतल्या. तेव्हा सगळेच घेत होते. यात एवढं टोचून बोलण्यासारखं काय आहे?

बी-३०४: मी कोणाचं नाव घेतलं का?

ए-४०३ (डॉक्टरताई): भांडण नको. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ही गोळी मनाने घेतली तर ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून "असू दे" म्हणून ठेवण्यातलं हे औषध नाही. बी-३०४, ही गोळी शरीरातून उतरायला काही आठवडे लागतात, दोन-चार दिवसांच्या खंडाने घाबरू नका. मात्र बाकीची औषधं, त्यातही स्टेरॉइड चालू असेल तर ते, एकदम थांबवू नका. तुमच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करा. २५ मार्चला टेलिमेडिसिनचे नियम आलेत, प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर मिळू शकतं.

डी-१०३: दोन स्ट्रिप आहेत. सीलबंद. चौकीदाराकडे देऊ?

बी-३०४: आधी नाव, पॉवर आणि तारीख दिसेल असा फोटो पाठवा, डॉक्टरांना दाखवते. मग दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवा. पैसे लगेच पाठवते.

डी-१०३: पैसे राहू द्या.

बी-३०४: मग गोळ्याही राहू द्या.

डी-१०३: बरं बाई. नंबर पर्सनलवर टाकतो.

ए-१०१ (सेक्रेटरी): गेटवरची यादी रद्द. कोणाला काय हवं ते डॉक्टरताईंना किंवा मला पर्सनलवर कळवा, ग्रुपवर फक्त वार आणि वेळ येईल. शनिवारी पहाटे साडेपाचला डी-४०१ ची गाडी निघेल. तिच्या मागे जी पांढरी ॲक्टिव्हा आडवी लावलीय ती कोणाची?

बी-१०२: माझी आहे भिया, आत्ताच काढतो.