मोती गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत, काय करू?

प्रश्न
बाबा ७४ वर्षांचे, साताऱ्याला एकटेच असतात. मी पुण्यात नोकरीला. आई करोनात गेली, तेव्हापासून घरात बाबा आणि आमचा कुत्रा मोती, दोघंच. गेल्या महिन्यात मोतीच्या किडन्या गेल्या. घरी सलाईन लावून पाहिलं, शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन द्यायचं सुचवलं. कागदावर सही बाबांनी केली. आता सारखं एकच: "पाणी जास्त पीत होता, मला वाटलं उन्हाळा आहे. माझ्यामुळेच गेला." जेवण दोन घास. बीपीच्या गोळ्या पाकिटात तशाच. नातेवाईक म्हणतात, कुत्रंच होतं, दुसरं आण. खरंच आणू का पिल्लू?

उत्तर १
मी पशुवैद्य आहे. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं, तोवर किडनीचं साधारण पाऊण काम थांबलेलं असतं. सुरुवातीला आमच्याही हाती फारसं लागत नाही. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग हृदय थांबतं. मोतीच्या डॉक्टरांनाच रिपोर्ट घेऊन बाबांशी बोलायला सांगा. 'सही मी केली' हे मनात घेऊन बसलेल्या माणसाला मुलीच्या समजावण्याने पटत नाही.

उत्तर २
आमचा सर्जा बैल गेला, तेव्हा वडिलांनी त्याला मीठ घालून बांधाशेजारी पुरला. त्या बेंदराला जोडीच्या बैलाची शिंगं रंगवायला ते बसले आणि ब्रश तसाच डब्यात ठेवून उठले. पण गावात कुणी 'बैलच होता' म्हणालं नाही. माणसं येऊन ओट्यावर बसली, सर्जाच्या गोष्टी निघाल्या. ताई, पिल्लू आत्ता नको. रजा काढून जा, मोतीला न्यायचे त्याच वेळेला बाबांना बाहेर काढा. रोज भेटणारी माणसंही त्याच्याबरोबरच तुटलीत.

उत्तर ३
गोळ्यांचं आजच बघा, बाकी नंतर. भूक-झोप अशीच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. 'आता जगून काय करू' असं काही बोलले, तर त्याच दिवशी फोन करा, आणि त्यांना एकटं ठेवू नका.

प्रश्नकर्ती
शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांनी समोर बसून गोळी द्यायला लावली. शुक्रवारी रात्री निघते. डॉक्टर शनिवारी संध्याकाळी घरी यायला तयार झालेत.