सापासाठी प्लॅस्टिकचा डबा: ३३ लिटरचा घेऊ की ६४?

गौरी_आर
लेकीचा साप आठवड्यात दोनदा बाहेर पडला. काल रात्री दीडला रेडिएटरमागे सापडला, तोवर पोरगी रडून रडून दमली होती. आता घट्ट लागणाऱ्या झाकणाचा डबा हवाय. रिअली यूजफुल बॉक्स कंपनीचे ३३ आणि ६४ लिटरचे बघितलेत. कुठला? आजच मागवायचाय.

कृष्णाकाठ
ताई, आपले साप घरात ठेवणं गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वनखात्याला कळवा. मी बारा वर्षं साप पकडून सोडतोय, तोवर रुंद तोंडाची, भोकं पाडलेली बरणी पुरते.

गौरी_आर
आम्ही इंग्लंडात, रीडिंगला असतो. कॉर्न स्नेक आहे, अमेरिकेतला बिनविषारी साप, इथे पाळता येतो. डब्याचं सांगा ना.

लीड्सकर
हे आधी लिहायचं. लांबी किती? ऊब देणारी विजेची मॅट कुठे लावलीय? थर्मोस्टॅट आहे?

गौरी_आर
अडीच फूट. मॅट डब्याखाली. थर्मोस्टॅट म्हणजे ते चिकटवायचं तापमापक ना? आहे.

लीड्सकर
नाही हो! तापमापक नुसता आकडा दाखवतं, थर्मोस्टॅट मॅट बंद करतो. तो नसेल तर साप पोटाखालून भाजतो. आधी तो घ्या. त्याचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, मॅट आणि डब्याच्या मध्ये ठेवा. एक बाजू ३० अंशांच्या आसपास, दुसरी २४. मॅट तळाच्या तिसऱ्या हिश्शाखालीच.
आता लिटर. दोन्ही डब्यांचा तळ एकच, ७१ बाय ४४ सेंटिमीटर. ३३ चा साडेसोळा सेंमी उंच, ६४ चा ३१. जागा वाढते ती वरच्या बाजूला. कॉर्न स्नेकला चढायला आवडतं, म्हणून ६४.

अंजली_व्ही
मुळात डबा कशाला? दोनेक वर्षांत तो चार फुटांचा होईल. आत्ताच चार फुटी लाकडी व्हिव्हेरियम (साप ठेवायची पेटी) घ्या, पुन्हा खर्च नको.

लीड्सकर
माझी मादी लहानपणी मोठ्या पेटीत टाकली तर पाच आठवडे उंदराला तोंड लावलं नाही.

अंजली_व्ही
लपायला जागा दिली नसणार. गरम आणि गार, दोन्ही टोकांना एकेक लपण हवंच.

तांबडीमाती
भोकं सोल्डरिंग आयर्नने पाडा, आतून बाहेर, म्हणजे कडा सापाला घासत नाहीत. प्लॅस्टिकचा धूर होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा, साप दुसऱ्या खोलीत.

मेधा_एस
नागपंचमीला त्याला थोडं दूध चालेल का?

कृष्णाकाठ
मुळीच नको. तहानेला ठेवलेला साप नाइलाजाने दूध पितो आणि आजारी पडतो. स्वच्छ पाणी ठेवा.

गौरी_आर
मॅटवर हात ठेवून पाहिला, ठेववेना. बंद केली. थर्मोस्टॅट आणि ६४ चा डबा मागवला, गुरुवारी येतील. तोवर काय करू?

लीड्सकर
खोली २४-२५ वर ठेवा. पोटाची कातडी लाल झालीय का ते उजेडात नीट पाहा, झाली असेल तर आजच डॉक्टर गाठा. आणि शेवटचं खायला कधी घातलं? ऊब नसेल तर पचत नाही.

गौरी_आर
काल संध्याकाळी. पोट बघून येते.